साडेदहाचं शटर

रात्री साडेदहाला खालच्या दुकानाचं शटर पडतं. आधी बोर्डाचा दिवा जातो, मग आतलं जाळीचं दार ओढल्याचा खरखराट, मग शटर. ते निम्म्यावर आलं की अडकतं. दुकानातला मुलगा हूक लावून दोन झटके देतो. दुसऱ्या झटक्याला ते जमिनीला टेकतं आणि आमच्या मांडणीतली ताटं एकदा किणकिणतात. मग दोन कुलुपं. दुसरं कुलूप लागलं की मी दिवा मालवते. आठ वर्षं झाली, माझी झोप या आवाजाला बांधलेली आहे.

आम्ही नाशिकला राहतो, मुंबई-आग्रा हायवेपासून पाच मिनिटं आत. चार मजल्यांची इमारत, खाली चार गाळे. किराणा, मेडिकल, झेरॉक्स आणि वाईन शॉप. वाईन शॉप बरोबर आमच्या झोपायच्या खोलीखाली येतं. मी डबे करते. सध्या ५५ डबे आहेत, बहुतेक अंबडच्या एमआयडीसीत जातात. एका डब्यात चार पोळ्या, म्हणजे रोज २२० पोळ्या. पहिली पाळी सकाळी सातची असते, त्यामुळे साडेसहाला डबे गाडीवर चढायलाच हवेत. मी पहाटे चारला उठते. साडेचारला पोळ्या लाटायला मावशी येतात. साडेदहा ते चार, एवढी माझी रात्र. साडेपाच तास. त्यातला अर्धा तास कोणी घेतला तरी मला तो दुसऱ्या दिवशी तव्यापुढे जाणवतो.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल की ही बाई दारूबंदीवाली दिसते. मी नाही. माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं. भावाची द्राक्षबाग आहे आणि त्यातली काही एकरं वायनरीला जाणाऱ्या द्राक्षाची आहेत. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, तेव्हा भावाने मला फोन करून आनंदाने सांगितलं होतं. पुढे राज्यभर विरोध झाला, सरकारने लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या आणि तो विषय मागे पडला. भाऊ खट्टू झाला, मलाही वाईट वाटलं. माझे सासरे रविवारी दोन पेग घेऊन शांत झोपणारे होते. त्यांच्याबद्दल कधी कोणी वावगं बोललं नाही. पिणारा माणूस वाईट आणि न पिणारा चांगला, असं मी मानत नाही. माझं म्हणणं वेळेबद्दल आहे.

आमच्या इमारतीत हे दुकान आलं २०१७ साली. त्याआधी त्या गाळ्यात सायकलचं दुकान होतं. झालं असं की डिसेंबर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने आदेश दिला, राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारू विकायची नाही. १ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. हायवेवर पिऊन गाडी चालवणाऱ्यांमुळे माणसं मरत होती, त्यामुळे तो आदेश मला तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो. पण हायवेवरची दुकानं गेली कुठे, हे कोणी पाहिलं नाही. वाईन शॉपचे नवे परवाने आपल्या राज्यात सत्तरच्या दशकापासून दिले जात नव्हते. त्यामुळे ज्याच्याकडे परवाना होता, त्याला तो सोन्याहून मोलाचा. तो थोडाच सोडणार? परवान्याचं स्थलांतर करून घेतलं आणि दुकानं आत आली. आत म्हणजे कुठे? जिथे आम्ही राहतो तिथे. पुढे त्याच वर्षी जुलैमध्ये कोर्टाने खुलासा केला की महापालिका हद्दीतल्या दुकानांना ही अट लागू नाही. तोवर आमच्या खाली फरशी बसली होती, फ्रीज आले होते, डिपॉझिट दिलं गेलं होतं. दुकान राहिलं ते राहिलंच. गाळ्याचा मालक दुसऱ्या गावी राहतो. त्याला भाडं मिळतं, आम्हाला शटर.

तरीही सांगते, रोजचं दुकान आम्ही पचवलं आहे. वाईन शॉपची वेळ सकाळी दहा ते रात्री साडेदहा. संध्याकाळी सातनंतर गर्दी होते, गाड्या वेड्यावाकड्या लागतात, माझ्या मुलीला क्लासवरून येताना वळसा घालून मागच्या गेटने यावं लागतं. हे बरोबर आहे असं नाही, पण त्याला एक शेवट आहे. साडेदहाला शटर पडणार हे प्यायला येणाऱ्याला ठाऊक असतं, शेठना ठाऊक असतं, आम्हाला ठाऊक असतं. अकरापर्यंत शेवटची गाडी निघून जाते. नळावर पाणी किती वाजता येणार हे ठाऊक असलं की माणूस हंडे मांडून ठेवतो, तसं आम्ही आमचं घर त्या वेळेभोवती मांडून घेतलं आहे. सासूबाई जपमाळ साडेदहाला खाली ठेवतात.

वर्षातल्या तीन रात्री हे मोडतं. २४ डिसेंबर, २५ डिसेंबर आणि ३१ डिसेंबर. नाताळ आणि नववर्षासाठी गृह विभागाचा आदेश निघतो. वाईन शॉपला रात्री एकपर्यंत आणि परमिट रूमला पहाटे पाचपर्यंत सूट. शहरातल्या देशी दारूच्या दुकानांनाही रात्री एकपर्यंत. दर वर्षी पेपरात बातमी येते, ‘तळीरामांसाठी खूशखबर’ वगैरे. ती बातमी कोणासाठी खूशखबर नाही, हे त्यात कधी लिहिलेलं नसतं.

‘तीनच तर रात्री आहेत’ असं मला आमच्याच सोसायटीतल्या एकांनी सांगितलं. ते मागच्या विंगमध्ये राहतात. त्यांना मी म्हटलं, दादा, एक रात्र माझ्याकडे झोपून बघा.

वाईन शॉप आणि परमिट रूम यात फरक आहे, तो लोकांच्या लक्षात येत नाही. परमिट रूममध्ये माणूस आत बसून पितो. वाईन शॉपमध्ये सीलबंद बाटली मिळते, तिथे बसायला जागा नसते. संध्याकाळी सातला क्वार्टर घेणारा माणूस ती घेऊन घरी जातो, मित्राकडे जातो, शेतावर जातो. रात्री पाऊण वाजता घेणारा कुठे जाणार? घरी तो जाऊ शकत नाही, म्हणून तर तो बाहेर आहे. मग तो तिथेच पितो. एमएसईबीच्या डीपीच्या मागे, मोटरसायकलच्या सीटवर, आमच्या पार्किंगच्या कट्ट्यावर, मेडिकलच्या पायरीवर. दुकानाची वेळ अडीच तासांनी वाढते, पण आमच्या रस्त्याची रात्र चार-साडेचार तासांनी लांबते. एकला शटर पडल्यावर दुकानदाराची जबाबदारी संपली, पोलिसांची गाडी एक चक्कर मारून चौकात गेली. उरतात ते खाली बसलेले आणि वर जागे असलेले.

मी पलंगावर पडून ते सगळं ऐकते आणि कितीही नको म्हटलं तरी कान एकेक आवाज ओळखत बसतो. डिस्पोजल ग्लासची चवड उघडल्याची चरचर. पाण्याचा पाऊच दाताने फाडून थुंकल्याचा आवाज. फरसाणाचं पाकीट. बाटलीचं झाकण पिरगळताना सील तुटतं तो बारीक कट्ट. मग सायलेन्सर काढलेली एखादी बुलेट उभ्या जागी रेस केली जाते. मुलीने गेल्या वर्षी खिडकीत मोबाईल धरून आवाज मोजला, ७० च्या वर आकडा दाखवत होता. मोबाईलवरचं माप कुठे ग्राह्य धरत नाहीत हे मला कळतं. पण ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्र म्हणजे दहा ते सहा असं लिहिलं आहे आणि राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. म्हणजे एका नियमाने माझी रात्र दहाला सुरू होते आणि दुसऱ्या आदेशाने माझ्या पलंगाखाली एकपर्यंत बाजार भरतो.

सगळ्यात अवघड सासूबाईंचं होतं. त्या ७८ वर्षांच्या आहेत. बाहेरच्या खोलीत झोपतात. खालून कोणी जोरात हाक मारली की त्या उठून बसतात आणि विचारतात, ‘कोण आलंय गं?’ ह्यांची दुसरी पाळी असते, ते बाराच्या सुमाराला येतात. सासूबाईंना प्रत्येक गाडी त्यांचीच वाटते. २४ च्या रात्री त्यांनी मला सात वेळा विचारलं. सातव्यांदा मी चिडून बोलले. सकाळी त्या काही म्हणाल्या नाहीत, पण चहा पिताना माझ्याकडे बघितलं नाही. हे मी अजून विसरलेले नाही.

आणि मग गेल्या १ जानेवारीची पहाट. मला तीन वाजता कुठे डोळा लागला, चारला गजर झाला. कणीक मळून मावशींची वाट बघत होते. साडेचार झाले, पावणेपाच झाले. फोन केला तर मावशी म्हणाल्या, ‘ताई, मी येऊन परत गेले. जिन्यात माणूस झोपलाय. पायरीवर आडवा. मी एकटी बाई त्याला ओलांडून कशी येऊ?’ मी दार उघडून टॉर्च मारला. पंचविशीचा मुलगा असेल. अंगावर चांगला शर्ट, पायात एकच बूट. उलटी केलेली होती, पण श्वास नीट चालला होता. थंडी इतकी होती की त्याचे ओठ काळेनिळे दिसत होते. मी आतून जुनी गोधडी आणली आणि त्याच्या अंगावर टाकली. ह्यांना उठवलं. ह्यांनी त्याला बसतं केलं, पाणी दिलं, घरचा नंबर विचारला. त्याचा थोरला भाऊ साडेसहाला येऊन घेऊन गेला. हात जोडत होता बिचारा, पुन्हा पुन्हा माफी मागत होता.

त्या दिवशी २२० पोळ्या मी एकटीने केल्या. डबे सव्वासातला निघाले. गाडी गेटमधून बाहेर पडली आणि पन्नास पावलांवर पंक्चर झाली. रस्त्याच्या कडेला काचांचा चुरा पडला होता. १९ डबे वेळेत पोचले नाहीत. त्यातल्या एका कंपनीतली सहा मुलं पुढच्या महिन्यापासून दुसरीकडे गेली. त्यांचं काही चुकलं नाही. सहा तास मशीनवर उभ्या राहणाऱ्या माणसाला भुकेच्या वेळी कारण नको असतं, डबा हवा असतो.

त्या मुलाबद्दल मला राग नाही, हेही सांगते. उलट मला भीती वाटते की तो आमच्या जिन्यात न येता तसाच गाडीवर बसला असता तर? दारू विकत घ्यायला २५ वर्षं पूर्ण लागतात, बिअरला २१. एरवी दुपारी दोनला कोवळा चेहरा आला तर शेठ स्वतः वय विचारतात, मी ऐकलं आहे. ३१ च्या रात्री बारा वाजता खिडकीवर साठ हात पुढे आलेले असतात. तेव्हा कोण कोणाचं आधार कार्ड बघणार?

दुकानात दोन मुलं कामाला आहेत. दोघंही माझ्याकडचा डबा खातात. एक येवल्याकडचा आहे, एक बिहारचा. येवल्याचा मला ताई म्हणतो. एरवी शटर पाडून, गल्ला मोजून, ते अकराला रूमवर जातात. त्या तीन रात्री अडीच-तीन वाजतात आणि सकाळी दहाला पुन्हा दुकान उघडायचं असतं. मी एकदा विचारलं, जास्तीचे पैसे मिळतात का? म्हणाला, ‘मिळतात ताई, पण ३१ ला खिडकीच्या आत उभं राहायला नको वाटतं. लोक शिव्या देतात, बाटली लवकर दिली नाही म्हणून.’ वेळ वाढवायची चर्चा होते तेव्हा पर्यटन, महसूल, नववर्षाचा उत्साह हे सगळं येतं. या दोन मुलांचे पाय कोणाच्या हिशोबात नसतात.

महसुलाचं मला समजतं. जून २०२५ मध्ये सरकारने दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं, त्यातून १४ हजार कोटी जास्तीचे मिळतील असं तेव्हा सांगितलं होतं. त्या पैशांतून रस्ते होतात, योजना चालतात. पण आमच्यासारख्या वस्तीतल्या दुकानांच्या तीन रात्रींच्या अडीच तासांवर राज्याचा गाडा अडून राहील, असं मला वाटत नाही.

जानेवारीतच सोसायटीत बायकांची बैठक झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, आडवी बाटली करू या. मलाही आधी तेच सुचलं होतं. मग मी माहिती काढली. २००८ च्या आदेशाप्रमाणे आधी २५ टक्के महिला मतदारांनी, किंवा एकूण मतदारांच्या २५ टक्क्यांनी, सह्यांनिशी मागणी करायची. उत्पादन शुल्क खातं सह्या पडताळतं. मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. यादीतल्या निम्म्याहून जास्त मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. झालेल्या मतदानाच्या निम्मे नव्हे, यादीतल्या सगळ्या नावांच्या निम्मे. खेड्यात हे जमतं. गावातल्या बाया एकमेकींना ओळखतात, सकाळी नटूनथटून रांगेत उभ्या राहतात. कितीतरी गावांनी हे करून दाखवलं आहे आणि त्या बायांपुढे मी हात जोडते. आमचा शहरातला प्रभाग चार नगरसेवकांचा. यादीत हजारोंनी नावं, त्यातली निम्मी माणसं भाडेकरू, कोणी गाव सोडून गेलेली, कोणी वारलेली. दुकान आहे आमच्या डोक्याखाली आणि मत मागायला जायचं दोन किलोमीटरवरच्या बंगल्यात.

आणि खरं सांगायचं तर मला दुकान बंद करायचंच नव्हतं. मी बैठकीत तसं म्हटलं, तेव्हा काकू माझ्यावर रागावल्या. अजून थोड्या रागावलेल्या आहेत.

पुढे काही महिन्यांनी दुसरीने विचारलं की आता सोसायटीचं ना हरकत पत्र लागतं ना? मार्च २०२५ मध्ये विधानसभेत अजित पवारांनी ते जाहीर केलं होतं, सोसायटीच्या आवारात नवं बिअर किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीची ना हरकत हवी. चांगला निर्णय. २०१७ मध्ये हा नियम असता तर आमच्याकडे आजही सायकली मिळाल्या असत्या. पण तो नव्या दुकानाला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की दुकान यायच्या वेळी आता आम्हाला विचारणार आणि दुकान घालवायचं असेल तर मतदान घेणार. पण दुकान आहे, राहणारही आहे, ते रात्री किती वाजेपर्यंत उघडं ठेवायचं, हे ठरवताना त्याच्या वर झोपणाऱ्या माणसांना कोणीही, कधीही विचारत नाही. शाळेपासून, देवळापासून दुकान किती लांब हे टेप लावून मोजायचा नियम आहे. आमच्या उशीपासून त्या शटरपर्यंतचं अंतर एका स्लॅबचं आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरला, ‘आता दुकानं चोवीस तास’. मला धडकी भरली. मुलीने शासनाचा कागद शोधून वाचून दाखवला. दुकानं आणि आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्याखाली इतर दुकानं चोवीस तास उघडी ठेवता येतील, पण दारूची दुकानं, बार, परमिट रूम यांना ते लागू नाही असं स्पष्ट लिहिलेलं होतं. जीव भांड्यात पडला. पण मी त्या रात्री बराच वेळ विचार करत होते. हा अपवाद आज आहे. तीन रात्रींच्या सवलतीला कोणीच काही बोललं नाही, कोणाचंच काही अडत नाही असं दिसलं, तर उद्या तिच्या सहा रात्री व्हायला काय लागतं? गप्प बसलेल्या लोकांची संमती धरली जाते. म्हणून मी अर्ज लिहायला घेतला.

विषय असा लिहिला: ‘निवासी इमारतीच्या तळमजल्यावरील मद्यविक्रीच्या दुकानास २४, २५ व ३१ डिसेंबर रोजी वाढीव वेळ न देणेबाबत.’ मजकूर एका पानाचा. दारूबंदी कायद्यातल्या कलम १४२ खाली सार्वजनिक शांततेसाठी दुकान बंद ठेवायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. गणपती विसर्जनाच्या दिवशी, निवडणुकीच्या वेळी दारूची दुकानं बंद ठेवायचे आदेश निघतातच. मग ज्या दुकानाच्या वर माणसं राहतात, तेवढ्या दुकानांपुरती वाढीव वेळ का थांबवता येऊ नये, एवढंच मी विचारलं. ह्यांनी वाचलं आणि म्हणाले, जिन्यातल्या मुलाचंही लिही. मी ते आधी गाळलं होतं. मग लिहिलं. नावगाव न घालता.

३१ सह्या झाल्या. मागच्या विंगमधल्या त्या दादांनीही केली.

अर्ज द्यायच्या आधी मी शेठना दाखवला. पाठीमागे काही करायला मला आवडत नाही. दुपारी तीनची वेळ, दुकानात कोणी नव्हतं. शेठनी चष्मा लावून पूर्ण वाचला. मग म्हणाले, ‘ताई, तुमचं खरंय. मला काय हौस आहे एकपर्यंत बसायची? मला शुगर आहे. पण मी एकटा साडेदहाला शटर पाडू शकत नाही. गिऱ्हाईक चौकातल्या दुकानावर जाणार आणि एकदा तिकडची सवय लागली की जानेवारीतही तिकडेच जाणार.’

मी म्हटलं, ‘म्हणून तर वरूनच आदेश मागतेय. तुमच्यासारख्या सगळ्यांना एकच वेळ. तुम्ही सही करा ना.’

ते थोडा वेळ गप्प बसले. ‘सही नाही जमायची. आमचीही संघटना आहे, लोक तोंडात शेण घालतील. पण एक करा. तुम्ही नुसतं दुकानाचं नाव लिहिलंय, परवान्याचा नंबर नाही. नंबराशिवाय अर्ज फिरत राहतो.’ आणि उठून त्यांनी भिंतीवरचा फ्रेम केलेला परवाना बघत नंबर मोठ्याने वाचला. मी लिहून घेतला. दोनदा वाचला त्यांनी, चूक नको म्हणून.

अर्ज दिला त्या दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खिडकीवर एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी विषय वाचून विचारलं, ‘दुकान बंद करायचंय का?’ मी म्हटलं, ‘नाही हो, साडेदहाला बंद करायचंय.’ त्यांनी पुन्हा वाचलं. ‘असा अर्ज माझ्या हातात तरी पहिल्यांदाच आला,’ म्हणाल्या आणि आवकचा शिक्का मारून पोच दिली. एक प्रत उत्पादन शुल्काच्या अधीक्षकांना द्या, एक पोलीस ठाण्यात, असंही त्यांनीच सांगितलं. तिन्ही पोच मी देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवल्या आहेत.

हे लिहिते आहे तेव्हा २४ डिसेंबरला पाच आठवडे उरलेत. काकूंनी काल जिन्यात विचारलं, काही उत्तर आलं का? नाही म्हटलं तर म्हणाल्या, ‘येईल. नाही आलं तर आपण दोघी जाऊ.’ गेल्या दहा महिन्यांत त्या माझ्याशी एवढं पहिल्यांदाच बोलल्या.

संध्याकाळी येवल्याचा मुलगा रिकामे डबे द्यायला वर आला. दारातच उभा राहून म्हणाला, ‘ताई, ३१ ला आमचे दोन डबे नऊला नका देऊ. गार होतात. रात्री दीडला खाऊ आम्ही.’ मी म्हटलं, ‘बरं.’ ओट्यावरच्या कॅलेंडरात ३१ च्या चौकोनात लिहून ठेवलं: दोन डबे, रात्री दीड. पेन्सिलीने लिहिलं आहे.